छल्ल्याला टांगलेली अक्कल

माझे आजोबा पान खायचे. त्यांच्या चंचीच्या दोरीला एक पितळी कडी होती आणि तिच्यात कानकोरणं, दातकोरणं आणि एक बारीक चिमटा अडकवलेला असे. अडकित्ता वेगळा, तो चंचीच्या आत. जेवण झालं की आजोबा आधी दात कोरत, मग सुपारी कातरत, आणि कोणाच्या पायात काटा गेला असेल तर त्याला हाक मारून चिमट्याने काढून देत. या सगळ्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे पुढे जेव्हा मला शिकलीसवरली माणसं समजावू लागली की एका कडीत चार अवजारं अडकवून खिशात बाळगायची युक्ती परदेशातल्या कोण्या हुशार माणसाने शोधून काढली, तेव्हा मला त्या हुशारीचं नवल वाटलं नाही, सांगणाऱ्यांच्या तोंडाचं वाटलं. आमच्याकडे असली युक्ती पानाला चुना लावण्याइतकी जुनी होती. फरक एवढाच, की आजोबांच्या कडीतली प्रत्येक वस्तू आपलं काम करत होती.

मी लहान होते तेव्हा, म्हणजे साठच्या आगेमागे, नागपुरातले पुष्कळ पुरुष चाबी करदोड्याला नाहीतर जानव्याला बांधत. चाब्यांचा छल्ला हा बायकांचा, कमरेला खोचायचा. मग स्कूटरी आल्या, लोखंडी कपाटं आली, कचेरीच्या टेबलांना कुलपं आली आणि पुरुषांच्या खिशातही छल्ला खुळखुळू लागला. आधी नुसती कडी होती. मग तिला नेलकटर लटकलं. मग त्या नेलकटरच्या पोटातून एक चाकू आणि एक कानस निघाली. सत्तर उलटल्यावर बर्डीच्या बाजारात फॉरेनचा माल विकणारे फुटपाथवर कापड अंथरून बसत. अत्तर, लायटर आणि घड्याळांच्या शेजारी आता हे चकचकीत छल्लेही दिसू लागले. दोन-चार वर्षांत त्यांची नक्कल इतवारीत हातगाडीवर ढिगाने विकायला आली. त्या नकलेचा मुलामा एका उन्हाळ्याच्या घामात उडायचा आणि खालचं काळं लोखंड दिसायचं, तरी घेणारे कमी झाले नाहीत. लग्नात आहेर म्हणून छल्ला, बदली झाली की निरोपाला छल्ला. ऐंशीनंतर तर म्हणे पक्कडसुद्धा घडी होऊन खिशात मावू लागली. मी ती पाहायला गेले नाही.

पुरुष त्या वस्तूचं करत काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पानठेल्यावर उभं राहून एकेक पातं नखाने उघडायचं, बाजूच्याला दाखवायचं आणि बंद करायचं. बस. चाकू इतका बारका की त्याने पेन्सिलीला टोक येत नसे. कैची कागद कापायची नाही, चावायची. बाटलीचं झाकण उघडायची सोय होती, पण आमच्या ओळखीतल्या कोणाच्या घरी झाकणाची बाटली यायची? एका गृहस्थाने माझ्यादेखत त्या चाकूने संत्रं सोललं आणि पँटवर रस सांडून घेतला. संत्रं सोलायला चाकू लागतो असा नागपूरचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आमच्या घरी ही वस्तू आली तेव्हा माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मुलगी शाळेत जाऊ लागली होती. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि ज्याच्याबद्दल पुढे लिहिते आहे त्याचं नाव घ्यावं असं मला आताही वाटत नाही, म्हणून 'हे'च म्हणते. हे सरकारी कचेरीत कारकून होते. सक्करदऱ्याला तलावापासून थोड्या अंतरावर आमच्या दोन खोल्या होत्या. भिंतीला लागून जी शेजारीण राहायची तिचा भाऊ कुवेतहून आला, त्याने ओळीतल्या प्रत्येक घरी काही ना काही दिलं. बायकांना साबणाच्या वड्या आणि पुरुषांना छल्ले. साबणाची वडी पंधरा दिवसांत संपली.

"पाहून राहिली का? सेव्हन-इन-वन," हे म्हणाले. "आता घरात कोणाले बोलवाचं कामच नाही."

सात वस्तूंपैकी सहा ओळखू येत होत्या. चाकू, कैची, कानस, नेलकटर, झाकण उघडायचं आणि स्क्रू ड्रायव्हर. सातवी एक वाकडी काडी होती. ती कशासाठी, यावर यांच्या कचेरीत म्हणे जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. कोणी म्हणालं मासळीचा काटा काढायला, कोणी म्हणालं बुटाची नाडी ओवायला, आणि साहेबांनी निकाल दिला की ती घोड्याच्या टापेतला खडा काढायची आहे. त्या दिवशी हे घरी आले ते जणू दाराशी घोडा बांधलेला असल्याच्या ऐटीत.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. गजराचं घड्याळ दिवसाला पाच मिनिटं मागे पडत होतं. ते यांनी उघडलं, आणि त्यानंतर ते उताणं ठेवलं तरच चालायचं. स्टोचं बर्नर त्या वाकड्या काडीने साफ केलं, तेव्हापासून ज्योत एका बाजूलाच जाऊ लागली आणि पोळी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. विजेचं बटण उघडताना झटका बसला, तेव्हा मात्र सबंध दिवस छल्ल्याला हात लावला नाही. शेजारीण भिंतीवरून वाकून विचारायची, "काहून वं, आज काय खोलून राहिले भाऊजी?" मी हसून घालवायची. आत मला संताप यायचा. ज्या माणसाने लग्नाच्या आठ वर्षांत कधी खिळा ठोकला नाही, त्याला करंगळीएवढ्या लोखंडाने कारागीर केलं होतं, आणि ते लोखंड त्याच्या अकलेपेक्षा फार मोठं नव्हतं.

माझ्या शिवणाच्या मशीनला मात्र हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती पायमशीन माझ्या माहेरची. लग्नाआधी मी शिवणकामाचा सरकारी कोर्स केला होता, प्रमाणपत्र पेटीत होतं. मशीन बिघडली तर इतवारीकडून एक चाचा सायकलवर येत. त्यांच्या हत्यारांची गुंडाळी असायची, जाड कापडाची, प्रत्येक हत्याराला वेगळा खण. खालच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या डबीवर एक स्क्रू असतो, दोऱ्याचा ताण राखणारा, मोहरीच्या दाण्याएवढा. त्या एका स्क्रूसाठी त्यांच्याकडे एक वेगळा पेचकस होता, घासून घासून त्या खाचेच्या मापाचा केलेला. दुसऱ्या कशालाही ते तो लावत नसत. "बाई, इसका एकच काम है," ते म्हणायचे, "और इस काम का ये एकच है." मला हे वाक्य फार आवडायचं.

त्याच वर्षी शेजारणीनेच बातमी आणली. धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत तिची मावसबहीण शिकवत होती. तिथे शिवणाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. मी जाऊन मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटून आले. त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं आणि सांगितलं की येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता स्वतः शिवलेले चार कपडे घेऊन या. झबलं, परकर, पोलकं आणि शाळेच्या गणवेशाचा फ्रॉक. आणखी दोघी येणार होत्या. कपडे पाहून त्याच दिवशी निवड होणार होती.

ती नोकरी मला फार हवी होती. पगार हवाच होता, पण नुसता पगार नाही. आपल्याकडे घरातली प्रत्येक बाई बाईच असते, तिला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. शाळेतल्या बाईला चाळीस मुली उभ्या राहून 'बाई' म्हणतात. मला एकदा तसं व्हायचं होतं. मुलगी शाळेत गेली की घरात उरणारे ते पाच तास मला खायला उठायचे, आणि माझ्या हातात असलेली एक विद्या पेटीत पडून होती. मी तिशी ओलांडली होती. पुढे कोणी मला दारात उभं करणार नाही, हे मला ठाऊक होतं.

शनिवारपर्यंत तीन कपडे झाले. फ्रॉक कापून ठेवला होता. रविवारी सकाळी कमरेची शिवण घेताना मशीन टीप सोडू लागली. चार टाके पडायचे, एक सुटायचा. मी सुई काढून काचेवर ठेवून पाहिली, तर वाकली होती. घरात दुसरी सुई नव्हती. काम पाच मिनिटांचं, फक्त सुई आणायची.

मी पायात चप्पल घालताना यांना सांगितलं, "अहो, मशीनची सुई वाकली आहे. मी चौकातून आणून राहिली. तुम्ही हात नका लावू."

"मी काहून लावू?" हे पेपरातून मान वर न करता म्हणाले.

चौकातलं दुकान उघडायला अर्धा तास लागला. मी सुयांची पुडी घेऊन परत आले तेव्हा हे मशीनसमोर माझ्या स्टुलावर बसले होते. पुढ्यात ताट, त्यात बॉबिन आणि डबी. हातात छल्ला. घरच्या सगळ्या चाब्या त्या छल्ल्याला खुळखुळत होत्या, आणि त्यांच्या वजनाने हात हलत होता.

"तू सुई सुई करून राहिली," हे म्हणाले, "सुईत काही नाही. खालचा स्क्रू ढिला होता. कसून राहिलो."

तो स्क्रू ढिला नव्हता. तो तसाच असायला हवा होता, चाचांनी ठेवला होता तसा. यांनी तो आधी पूर्ण काढला, तेव्हा डबीची स्प्रिंग उडाली. मग स्प्रिंग शोधताना तिच्यावर पाय पडला आणि ती वाकली. मग स्क्रू तिरका बसवून जोराने पिळला, तेव्हा खाच गेली. आता तो ना आत जात होता, ना बाहेर येत होता. मी नवी सुई लावली, डबी बसवली आणि चिंधीवर टीप मारून पाहिली. वरून टीप सरळ दिसत होती. खालून नुसतं दोऱ्याचं जाळं.

"थांब, होऊन राहिलं," म्हणत यांनी पुन्हा हात पुढे केला. मी तो हात झटकला. लग्नानंतर पहिल्यांदा.

चाचा एका लग्नासाठी कामठीला गेले होते. नवी डबी इतवारीत मिळाली असती, पण नाव इतवारी आणि आम्हाला हवं ते दुकान नेमकं इतवारीच बंद. आमच्या ओळीत दुसरी मशीन नव्हती. मग मी खिडकीशी बसले आणि फ्रॉक हाताने शिवायला घेतला. उलटी टीप, एकेक टाका मागे घेऊन, मशीनच्या टाक्याएवढाच बारीक, कारण शाळेत कपडा उलटा करून पाहतात. दिवस मावळायच्या आत कमर आणि बाह्या झाल्या. कॉलर आणि बाजूच्या शिवणी सोमवारी पहाटे उठून केल्या. हे रविवारी दुपारी जेवून झोपले. उठल्यावर विचारलं, "झालं का?" मी टाके घालत राहिले तर म्हणाले, "एवढी काहून चिडून राहिली? चांगलं कराले गेलो होतो."

सोमवारी रिक्षात बसून धरमपेठेला जाताना मी ठरवलं होतं की विचारलं तर खरं सांगायचं. नवऱ्याने मशीन बिघडवली, म्हणून हाताने शिवलं. यात माझा काय दोष? वाटेत दोन-तीनदा मनात वाक्य म्हणूनही पाहिलं.

मोठ्या बाई साठीला टेकलेल्या, कडक आणि नीटनेटक्या होत्या. त्यांनी झबलं, परकर, पोलकं उलटं करून पाहिलं, मान हलवली. फ्रॉक हातात घेतला आणि थांबल्या. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हे हातचं आहे," त्या म्हणाल्या. "अहो, इतकी बारीक उलटी टीप मी पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती." शेजारच्या दोघी उमेदवारांनाही त्यांनी ती दाखवली. मग मला विचारलं, "पण मशीनवर का नाही केलं?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. शेजारणीची मावसबहीण दाराशी उभी होती. आणि मला ते वाक्य म्हणता आलं नाही. आपला नवरा मूर्ख आहे, हे बाईने मनात म्हणावं, भिंतीला सांगावं, पण चार परक्या माणसांत सांगू नये, हे मला कोणी शिकवलं होतं ते आठवत नाही. बहुतेक कोणीच नाही, ते दुधाबरोबरच पोटात गेलेलं असतं. ज्या माणसाची मला कालपासून किळस येत होती, त्याचीच लाज मी पदराखाली घेतली.

"मीच खोलली होती मशीन," मी म्हणाले. "साफ करायला. माझ्या हातून स्क्रूची खाच गेली."

मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी फ्रॉक घडी करून ठेवला, अगदी हळू, कपड्याचा मान ठेवून.

"आमच्याकडे आठ मशिनी आहेत," त्या म्हणाल्या. "मागच्या बाईंनाही स्वतः खोलून पाहायची सवय होती. आठांतल्या तीन अजून झाकून ठेवल्या आहेत. तुमचा हात फार चांगला आहे हो. पण मशीन बिघडली तर मेकॅनिकला बोलवायचं, एवढं ज्याला कळत नाही त्याच्या ताब्यात मी खोली देऊ शकत नाही."

त्यांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मी स्वतः हेच बोलले असते. फक्त ते ज्याला ऐकवायला हवं होतं, तो त्या वेळी पानठेल्यावर उभा राहून सातवी काडी कोणाला तरी दाखवत असेल. खरं सांगायला अजूनही वेळ होता, दारापर्यंत वेळ होता. पण आता सांगितलं तर आधी खोटं का बोललात, असं झालं असतं. मी कपडे पिशवीत भरले आणि घरी आले. जागा दुसरीला मिळाली.

चाचा बुधवारी आले. डबी पाहिली, नवी बसवली, एक टीप मारून दाखवली आणि जुनी डबी गुंडाळीत टाकून घेऊन गेले. कोणी खोललं, हे विचारलं नाही. बहुतेक घरोघरी जाऊन त्यांना ठाऊक झालं असावं.

शाळेतली बातमी मावसबहिणीकडून शेजारणीकडे आली आणि शेजारणीने ती भिंतीवरून यांना दिली. "भाऊजी, हिनं सोताच सांगतलं म्हणे का मशीन मीच खोलली. काहून असं केलं हिनं?"

हे घरात आले. मी भाजी चिरत होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. माफी नको, निदान खाली मान घालून उभा राहील.

"तू सांगतलं का तू खोलली म्हणून?" यांनी विचारलं.

"हो."

यांनी छल्ला खुंटीला अडकवला. मग "बरं केलं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्या दोन शब्दांवर मी बरेच दिवस काढले. वाटायचं, उपकार समजले असतील, बोलता येत नसेल. माणूस किती वेडी आशा धरतो.

दोन-तीन महिन्यांनी यांच्या कचेरीतले दोन मित्र बायकांना घेऊन आमच्याकडे आले. मी मुलीला शिवलेला फ्रॉक त्यातल्या एकीने पाहिला आणि म्हणाली, "वहिनी, तुमी शाळेत काहून नाही शिकवत?"

उत्तर यांनी दिलं. "अवं, लागलीच होती नोकरी धरमपेठेत. पण हिनं मशीनच खोलून ठेवली ना. स्क्रूची खाच घालवली. मी म्हणलं होतं, हात नको लावू म्हणून." आणि हसले.

मी यांच्याकडे पाहिलं. डोळा मिचकावतात का, नजर चुकवतात का, आवाज कुठे अडखळतो का. काही नाही. चेहरा अगदी मोकळा होता. हे खोटं बोलत नव्हते. मी शाळेत सांगितलेलं यांच्या डोक्यात केव्हाच खरं झालं होतं, आणि त्यासोबत माझी ताकीदही यांची झाली होती.

"खरंच काय वहिनी?" त्या बाईने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

शाळेतलं खोटं मी नवऱ्याची लाज राखायला बोलले होते, त्याचं मी स्वतःला काहीतरी कारण देऊ शकते. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाजवळ राखण्यासारखी लाजच नव्हती. तरी मी हो म्हणाले, आणि माझ्या मुलीने ते ऐकलं.